पहिल्या मुलाखतीस जाताना

बारावीचा निकाल लागला की पेडणे तालुक्यातील पुष्कळ घरांत एकच विषय निघतो. कॉलेजात नाव घालावयाचे हे तर ठरलेलेच असते, परंतु फी, पुस्तके, रोजचे बसभाडे, मोबाईलचा खर्च यांची बेरीज मांडली म्हणजे बापाच्या कपाळाला आठी पडते आणि मग मुलगीच हळूच म्हणते, "मी कॉलेज सुटल्यावर कुठे तरी काम पाहते." आजीला वाटते, लोक काय म्हणतील! आईला वाटते, रात्री घरी यायला उशीर झाला तर? चार दिवस असे जातात, कोणी ओळखीचा माणूस एखाद्या दुकानात किंवा हॉटेलात शब्द टाकतो आणि एके दिवशी फोन येतो, "मंगळवारी अकरा वाजता भेटायला या."

त्या क्षणापासून मुलीची धांदल उडते. मैत्रिणीच्या मोबाईलवरून प्रश्नोत्तरांची एक यादी येते. स्वतःविषयी काही सांगा. तुमचे गुण कोणते, दोष कोणते. पाच वर्षांनी तुम्ही कोठे असाल? उत्तरे इंग्रजीत असतात आणि ती कविता पाठ करावी तशी पाठ केली जातात. दोन रात्री जागून ती तोंडपाठ झाली म्हणजे तयारी पूर्ण झाली असे तिला वाटते. वस्तुतः तयारीला अजून आरंभही झालेला नसतो. कारण ही प्रश्नावली मोठ्या शहरातल्या, पूर्ण वेळेच्या, खुर्चीवर बसावयाच्या नोकरीसाठी रचलेली असते. पेडण्याच्या बाजारातला औषधविक्रेता किंवा मांद्र्याच्या किनाऱ्यावरचा हॉटेलमालक पाच वर्षांनंतरचे काही विचारीत नाही. त्याला येत्या शुक्रवारची काळजी असते.

हळर्णसारख्या गावातून जाणाऱ्या मुलाचे वा मुलीचे उदाहरण या बाबतीत लक्षात घेण्याजोगे आहे. शापोरा नदीच्या काठचा हा गाव इतिहासाला अपरिचित नाही. सावंतवाडीकर भोसल्यांचा येथील किल्ला १७४६ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने जिंकला आणि त्या पराक्रमाबद्दल पोर्तुगालच्या राजाने त्याला 'आलोर्नाचा मार्क्विस' ही पदवी दिली. एका परदेशी सरदाराला नाव देणाऱ्या या गावात त्याच्या स्वतःच्या मुलांना चार तासांचे काम मात्र सहसा मिळत नाही. ते मिळवावयाचे तर पेडणे, म्हापसा, धारगळ, नाहीतर मोरजी, मांद्रे, हरमल असे किनाऱ्याकडे जावे लागते. ११ डिसेंबर २०२२ या एकाच दिवशी मोपाच्या पठारावरील विमानतळाचे आणि धारगळच्या आयुर्वेद संस्थेचे उद्घाटन झाले, आणि तालुक्याच्या या अंगालाही कामाच्या जागा दिसू लागल्या. तथापि विमान डोक्यावरून गेले म्हणून बस अंगणात येत नाही. अर्धवेळ नोकरीचा सगळा प्रश्न येथे येऊन ठेपतो.

मुलाखतीस बसलेल्या मुलीला मालक पहिला प्रश्न बहुधा कोकणीत विचारतो, "खंयची गो तूं?" आणि ती उत्तर देते, "हळर्णची." तिला वाटते, हे केवळ ओळखीचे बोलणे झाले, खरी मुलाखत पुढे आहे. परंतु मालकाने त्या एका उत्तरावरून मनातल्या मनात हिशेब मांडलेला असतो. हळर्ण म्हणजे बस किती वाजता? पावसात येईल काय? सायंकाळी किती वाजता हिला सोडावे लागेल? दुकानात खरी गर्दी सहा ते आठ. ही तर साडेपाचपासून घड्याळ पाहू लागेल! एवढे झाले की पुढचे प्रश्न तो औपचारिकपणे विचारतो आणि "कळवतो" म्हणतो. मुलगी घरी येऊन सांगते, इंग्रजीत अडखळले म्हणून गेले. इंग्रजीचा बिचारीने उगाच धसका घेतलेला असतो.

म्हणून पहिली तयारी कागद आणि पेन्सिल घेऊन करावयाची. कागदावर आठवड्याचे सात रकाने आखावे. प्रथम कॉलेजचे वेळापत्रक लिहावे. ते अजून लागले नसेल तर गेल्या वर्षीच्या विद्यार्थ्याकडून मिळवावे. विर्नोड्याचे सरकारी कॉलेज असो वा म्हापशाचे, तास केव्हा सुरू होतात आणि केव्हा संपतात हे जाणणारी मुले गावात असतातच. नंतर बसच्या वेळा. त्या ऐकीव असू नयेत. स्थानकावर जाऊन विचाराव्या आणि शेवटची बस जितक्या वाजताची असेल तिच्या आधीची बस आपली समजावी, कारण शेवटची बस कधी चुकते तर कधी येतच नाही. मग जेवणाचा अर्धा तास, अभ्यासाचे दोन तास आणि झोप. हे सगळे भरल्यावर जे रकाने कोरे राहतील तेवढाच वेळ विकावयास आहे. तो बहुधा वाटला होता त्याहून कमी निघतो. आठवड्याला पंचवीस तास देईन म्हणणारीच्या कागदावर चौदा उरतात. निराश होण्याचे कारण नाही. चौदा तर चौदा. पण हा आकडा मुलाखतीपूर्वी कळलेला बरा, दुसऱ्या महिन्यात कळण्यापेक्षा.

हा कागद घरच्यांपुढे ठेवावा. सायंकाळी बसथांब्यावर घ्यायला कोण येईल, बाबा की काका. भावाची दुचाकी मोकळी असेल काय. आईला पाणी भरण्यात, गुरांच्या कामात जी मदत होत असे ती आता कोण करील, हे प्रश्न त्या बैठकीतच सुटतात किंवा सुटत नाहीत. सुटले नाहीत तर ते नोकरी लागल्यावरही सुटणार नाहीत. पुष्कळ मुली ही बोलणी टाळतात, कारण नकाराची भीती असते. मग मालकाला होकार आणि घरी अर्धेच सांगितलेले, अशी दोन्हीकडून ओढाताण होते.

याउलट मोह असतो तो "कधीही येईन" असे सांगण्याचा. मालकाने विचारले, "रविवारी जमेल?" "हो." "रात्री नऊपर्यंत?" "हो." गरजवंताला अक्कल नसते ही म्हण अशा वेळी फार कठोर वाटते, पण ती खोटी नाही. मुलीला वाटते, आधी काम तर मिळू दे. पुढचे पुढे पाहू. येथे धंदा करणाराची बाजू समजून घेतली पाहिजे. अर्धवेळ माणूस तो कशासाठी घेतो? पूर्ण वेळेचा नोकर परवडत नाही म्हणून, किंवा दिवसाच्या ठराविक वेळी गर्दी होते म्हणून. त्याच्या आठवड्याला काही भोके पडलेली असतात, ती त्याला बुजवावयाची असतात. त्याला अनिश्चित आठ तासांपेक्षा निश्चित तीन तास मोलाचे वाटतात. "सोमवार, बुधवार आणि शनिवार, दुपारी दोन ते सहा, या वेळी मी खात्रीने येईन, साडेसहाची बस मला धरावी लागते," असे स्वच्छ सांगणारी मुलगी त्याला आवडते. निदान तिच्या बोलण्यावर त्याला काही आखता येते. नाही जमले तर त्याच जागी उलगडा होतो आणि दोघांचाही एक महिना वाचतो.

म्हापशाचे उदाहरण घ्यावे. तेथे शुक्रवारचा बाजार. आजूबाजूच्या गावांतली माणसे त्या दिवशी लोटतात आणि दुकानदाराला जादा हात हवा असतो तो शुक्रवारीच. कॉलेजलाही शुक्रवारी तास असतात. तेव्हा "शुक्रवारी येशील का?" हा प्रश्न येणार हे आदल्या दिवशीच गृहीत धरावे आणि उत्तर ठरवून जावे. तीच गोष्ट चतुर्थीची. सणाच्या आदल्या दिवसांत माटोळीच्या सामानाने बाजार फुलून जातो, कपड्यांच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते, आणि नेमके त्याच वेळी हळर्णच्या घरी सारवण, रंगकाम, नेवऱ्या करावयाच्या असतात. दुकानाला आणि घराला एकच मुलगी एकाच दिवशी हवी असते. अशा वेळी आईची बाजू घ्यावी की दुकानाची, हे कोणी बाहेरच्याने सांगू नये. पण चतुर्थीच्या दोन दिवस आधीपर्यंत येईन, नंतर पाच दिवस येणार नाही, असे जूनमध्ये सांगितलेले मालक ऐकून घेतो. ऑगस्टच्या अखेरीस सांगितलेले ऐकत नाही.

किनाऱ्यावरच्या कामाला आणखी एक अडचण आहे. पर्यटकांचा हंगाम ऑक्टोबरात उघडतो आणि कॉलेजच्या पहिल्या सत्राच्या परीक्षाही ऑक्टोबर-नोव्हेंबरातच येतात. नाताळ आणि नववर्ष यांच्या मधल्या आठवड्यात हॉटेलवाला कोणालाही रजा देत नाही. हंगाम ओसरू लागला की दुसऱ्या सत्राची परीक्षा दारात उभी असते. हा मेळ ज्याने आधी पाहिला नाही त्याचे काय होते ते वर्गातल्या हजेरीपटावर वाचता येते. आधी शुक्रवारी रेघ पडते. मग सोमवारी सकाळच्या तासाला, कारण रविवारी रात्री उशीर झालेला असतो. पुढे आठवड्यातून तीन दिवस. मालक वाईट असतो असे नव्हे. "आज आणखी दोन तास थांब" असे तो प्रेमाने म्हणतो, वर पैसे देतो, जेवायला वाढतो. ७५ टक्के हजेरीची अट पुरी होत नाही, परीक्षेस बसता येत नाही, आणि शिक्षणासाठी धरलेली नोकरी शिक्षण खाऊन टाकते. अठरा वर्षांच्या मुलाच्या हाती रोख पैसा खेळू लागला असता कॉलेजचा कंटाळा येणे स्वाभाविक आहे. पण पदवी राहिली ती राहिलीच, आणि हंगाम संपल्यावर मालकही जूनमध्ये शटर ओढतो.

शिकता शिकता कमावणे ही मराठी मुलखाला नवी गोष्ट नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 'कमवा व शिका' हे तत्त्व रूढ केले. १९४७ मध्ये साताऱ्यास त्यांनी छत्रपती शिवाजी कॉलेज काढले तेही त्याच पायावर. तेथे विद्यार्थी शेतात, बांधकामावर राबत आणि शिकत. परंतु एक भेद ध्यानात ठेवावयास हवा. तेथे काम देणारी आणि शिकवणारी संस्था एकच होती. अभ्यासाच्या वेळेला धक्का लागू नये याची काळजी तीच वाहत असे. पेडण्याच्या मुलाला काम देणारा एक आणि शिकवणारा दुसरा. दोघांची गाठ कधी पडत नाही. मधली काळजी त्या मुलालाच वाहावी लागते, आणि ती वाहण्याची जागा म्हणजे मुलाखत. एकदा कामावर रुजू झाल्यावर अटी घालणे अवघड जाते.

कागदपत्रांची गोष्ट त्या मानाने सोपी आहे, तरी तिच्यावाचून अडते. धोंडो केशव कर्वे, पुढे ज्यांना सर्व देश महर्षी म्हणू लागला ते, १८७५ मध्ये सतरा वर्षांचे असताना मुरूडहून सह्याद्री ओलांडून पायी साताऱ्यास गेले. अंतर सुमारे ११० मैल. सरकारी नोकरीचे दार उघडणारी परीक्षा तेथे व्हावयाची होती. परीक्षा घेणाऱ्या मंडळाच्या प्रमुखाला तो किरकोळ देहाचा मुलगा सतरा वर्षांचा दिसेना, आणि त्याला परीक्षेस बसू न देताच परत पाठवण्यात आले. पुढे कोल्हापुरास ती परीक्षा देऊन ते उत्तीर्ण झाले आणि मुंबईत शिकताना शिकवण्या करूनच त्यांनी आपला खर्च भागवला. आज वय चेहऱ्यावरून ठरवीत नाहीत. जन्माचा दाखला, आधार कार्ड, बारावीची गुणपत्रिका, बँकेच्या पासबुकाचे पहिले पान आणि दोन छायाचित्रे यांवरून काम भागते. प्रत्येकाच्या दोन प्रती काढाव्या. मूळ कागद दाखवावे, पण ठेवून घेऊ देऊ नये. विमानतळाच्या आत काम करावयाचे असेल तर प्रवेशपत्र लागते आणि त्यापूर्वी पार्श्वभूमीची पडताळणी होते, तेव्हा तेथे आज मुलाखत आणि उद्या काम असे घडत नाही हे घरच्यांना आधीच सांगावे. आणि जो कोणी नोकरी लावून देण्यासाठी आधी पैसे मागतो, मग तो कितीही दूरचा नातलग निघो, त्याला चहा द्यावा आणि वाटेला लावावे.

"अनुभव आहे का?" या प्रश्नाने गावातली मुले खाली मान घालतात. "नाही" हे उत्तर बहुधा खरे नसते. आईच्या स्वयंसाहाय्य गटाची वही कोण लिहिते? एप्रिल-मे महिन्यांत काजू वेचून, बिया वाळवून, वजन करून दुकानात घालण्याच्या वेळी हिशेब कोण पाहतो? जत्रेत मामाच्या दुकानावर सुट्या पैशांचा डबा कोणाच्या हाती असतो? शेजारच्या चौथीतल्या मुलाला गणित कोण समजावते? हा सगळा अनुभवच आहे. फक्त त्याला पगार नव्हता. तो थोडक्यात सांगावा. "गेली दोन वर्षे अकरा बायकांच्या गटाचा जमाखर्च मी लिहिते, अजून पैचा फरक आलेला नाही" हे एक वाक्य पाठ केलेल्या दहा गुणांपेक्षा वजनदार आहे, अर्थात ते खरे असेल तर.

भाषेची भीती मात्र अगदीच निराधार नाही. घरी कोकणी, प्राथमिक शाळेत मराठी, पाचवीपासून इंग्रजी अशी येथल्या पुष्कळ मुलांची वाट असते. त्यामुळे वाचता येते, कळते, पण तोंड उघडत नाही. त्यावर एकच उपाय, आणि तो जुनाच आहे. आपल्याला लागतील अशी दहा-बारा वाक्ये स्वतः रचावी आणि ती मोठ्याने म्हणावी. मनातल्या मनात नव्हे. नदीकाठी जाऊन, नाहीतर गोठ्यात गुरांसमोर. माझे नाव अमुक, मी या दिवशी येऊ शकते, हे मला समजले नाही, पुन्हा सांगाल का? हे शेवटचे वाक्य सर्वांत उपयोगाचे. मोरजीस येणाऱ्या रशियन पाहुण्याचे इंग्रजीही फार मोठे नसते. त्याला लांबलचक वाक्ये नको असतात, स्पष्ट आकडा आणि हसरा चेहरा हवा असतो. मालक कोकणीत बोलला तर कोकणीतच उत्तर द्यावे. आपली विद्वत्ता दाखवण्यासाठी इंग्रजीकडे धावण्याचे कारण नाही.

पगाराविषयी विचारणे आपल्याकडे थोडे असभ्य मानले जाते. पैशाची गोष्ट वडीलधाऱ्यांनी काढावी, मुलांनी नव्हे, असा संस्कार आहे, आणि पुष्कळ दुकानदार त्याचा सोयीस्कर उपयोग करून घेतात. "बघू, काम पाहून देऊ" एवढ्यावर बोलणे संपते. ते संपू देऊ नये. मजुरी तासाची की दिवसाची की महिन्याची, ती कोणत्या तारखेला आणि रोख की खात्यात, गणवेशाचे पैसे कापणार काय, परीक्षेच्या काळात रजा मिळेल काय, एवढे विनयाने विचारण्यात उद्धटपणा नाही. अर्धवेळ काम म्हणजे कायद्याबाहेरचे काम नव्हे. किमान वेतनाचा १९४८ चा कायदा आता २०१९ च्या वेतन संहितेत सामावला असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. त्याच दिवशी अमलात आलेल्या कामाच्या सुरक्षिततेविषयीच्या संहितेनुसार, दहा किंवा अधिक माणसे राबत असतील तेथे नेमणुकीचे पत्र द्यावे लागते, आणि सायंकाळी सातनंतर स्त्रियांना कामावर ठेवावयाचे तर त्यांची संमती आणि सुरक्षिततेची व्यवस्था लागते. मुलीने मुलाखतीत कलमे सांगत बसू नये; ते शोभणारही नाही. पण "सातनंतर थांबावे लागले तर घरी पोचवण्याची काय सोय आहे?" हा प्रश्न तिने विचारलाच पाहिजे, आणि त्याचे उत्तर हसण्यावारी नेणाऱ्या ठिकाणी काम करावे की नाही याचा तिने विचार करावा.

प्रत्यक्ष दिवशी फारसे काही करावयाचे उरत नाही. हवी त्याच्या आधीची बस धरावी. पावसाळा असेल तर कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घ्यावे आणि पायांत अशा चपला घालाव्या की चिखल उडाला तरी पुसता येईल. कपडे नवे नसले तरी चालतील, धुतलेले असावे. सोबत बाबा किंवा काका येणार असतील तर येऊ द्यावे; आपल्या समाजात ते स्वाभाविक आहे आणि मालकालाही घरचे माणूस पाहून बरे वाटते. फक्त त्यांनी बाहेरच्या बाकावर बसावे. मालकाने मुलीला प्रश्न विचारावा आणि उत्तर बापाने द्यावे, असा प्रकार पुष्कळदा पाहावयास मिळतो. "तिला सगळे येते हो," असे बाबा अभिमानाने सांगतात आणि मुलीची मान आणखी खाली जाते.

बोलणे संपल्यावर मालक म्हणतो, "उद्यापासून ये." आनंदाच्या भरात तेथेच होकार देऊन टाकू नये. सांगितलेल्या वेळा आणि पगार त्याच्यासमोरच कागदावर टिपून घ्यावा आणि "उद्या दुपारपूर्वी फोन करते" असे म्हणून निघावे. बसमध्ये नाही, घरी पोचून, जेवण झाल्यावर तो कागद सात रकान्यांच्या कागदाशेजारी ठेवावा. बसला तर उत्तम. एखादा तास इकडचा तिकडे करून बसत असेल तर तेही मालकाला विचारून पाहावे. बसत नसेल तरीही फोन करावा आणि कारण सांगावे; हंगामात पुन्हा कधी गरज पडली तर कळवा, असे म्हणून आपला नंबर द्यावा. फोन मात्र सांगितल्या वेळेच्या आत झाला पाहिजे. हळर्णची मुलगी येणार नसेल तर मालकाला त्याच दुपारी दुसरी कोणी तरी शोधावी लागते.